भिंत न फोडता जुन्या घराचं वायरिंग

बेळगावातल्या शहापूरच्या एका घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा यायच्या आधीच आजींनी मला देवघराच्या भिंतीपुढं नेऊन उभं केलं. दीड फूट जाडीची मातीची भिंत, वर चुन्याचा गिलावा, मधोमध दिव्याचा कोनाडा. काजळी बसून कोनाड्याची कमान काळी झालेली. "बाळा, काय बी कर, खरं ह्या भितीला हात लावायचा न्हाई. माझ्या सासूनं हितं दिवा लावलाय." आधी येऊन गेलेल्या वायरमननं सगळ्या भिंतींना झिरी (वायर पुरायची खाच) मारून चार दिवसांत काम उरकतो म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून आजींना दोन रात्री झोप नव्हती.

वायरिंग बदलायला तर हवंच होतं. स्वयंपाकघरातल्या बोर्डाजवळ अधूनमधून जळका वास येत होता. खालच्या मजल्यावर लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली जुनी वायर, लाकडी बोर्ड, काळे स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. वरच्या मजल्यावर तऱ्हा वेगळी. मुलाच्या लग्नाच्या वेळी मोठी खोली मधोमध जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून दोन केलेली, डोक्यावर फॉल्स सीलिंग. मागच्या सोप्यात दोन पॉवरलूम. म्हणजे एकाच घरात मातीची भिंतही आणि पोकळ भिंतही.

मी गेली सव्वीस वर्षं हे काम करतो. त्याआधी काही वर्षं उद्यमबागेत कारखान्यात मेंटेनन्सला होतो. शहापूर, वडगाव, खासबागकडच्या विणकरांच्या घरांतली कामं करता करता मला एक गोष्ट पटली आहे. जुन्या घरात वायर न्यायला वाट आधीच असते. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी ती काढून ठेवलेली असते, किंवा सुतारानं, गवंड्यानं नकळत सोडलेली असते. ती शोधायला एक दिवस दिला की पुढचं फोडाफोडीचं काम निम्म्याहून कमी होतं. आजींच्या घरी नऊ दिवस लागले आणि भिंतीला एकूण अकरा ठिकाणी हात लावावा लागला. कोनाड्याच्या भिंतीला एकाही ठिकाणी नाही. ते कसं केलं, ते सांगतो.

आधी बदलायचं का ते बघा

स्वयंपाकघरातल्या दिव्याचा होल्डर उतरवा. धूर, वाफ आणि उष्णता तिथंच जास्त, त्यामुळे वायर सगळ्यात आधी तिथं मरते. वायरीचं टोक बोटानं हलकं वाकवून बघा. वरचं रबर किंवा कापडी आवरण कडक होऊन बिस्किटासारखं तुटलं, तर डागडुजी करत बसू नका, सगळं बदला. आतली तार पांढरट ॲल्युमिनियमची निघाली तरी बदला. ॲल्युमिनियमला तांब्याची तार पीळ देऊन जोडलेली असेल तर तो सांधा तापत राहतो, आणि आजींच्या स्वयंपाकघरातला वास तिथूनच येत होता. जोडावरची टेप काढली तेव्हा आतली तार कोळशासारखी झाली होती.

आवरण मऊ असेल, तार तांब्याची असेल आणि फक्त अर्थिंग नसेल, तर कदाचित अर्थची एक वायर ओढून आणि बोर्ड बदलून भागेल. जुन्या घरांत दोनच तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी नसतेच. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन असलेल्या घरात तिसरी वायर ओढल्याशिवाय मी काम संपलं असं म्हणत नाही.

बंद म्हणजे खरोखर बंद

मागं एकदा तालुक्यातल्या एका घरी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि हॉलचा बोर्ड उघडला. डाव्या हाताला असा झटका बसला की स्टुलावरून खाली आलो. मनगट महिनाभर सुजून होतं. जिन्याखाली कपाटामागं इन्व्हर्टर होता. मेन गेल्या गेल्या त्यानं आपलं काम इमानानं सुरू केलं आणि हॉलचा बोर्ड जिवंतच राहिला. घरात इन्व्हर्टर आहे का हे मी विचारलं नव्हतं. चूक माझी होती. तेव्हापासून घरात पाय टाकला की पहिला प्रश्न तोच विचारतो. इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटची पिन काढून ठेवायची, आणि गच्चीवर सोलर पॅनल असतील तर त्यांचाही स्विच पाडायचा.

टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघा, मग बंद केलेल्या जागी लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधेच टेस्टर बिघडला तर या शेवटच्या तपासणीत कळतं. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ अशी मल्टीमीटरवरही खात्री करा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असतात, आणि मागाच्या थ्री फेजमध्ये दोन फेजांच्या मधे ४१५. पहिल्या झटक्यालाच माणूस जाऊ शकतो.

मीटरचं सील तोडायचं नाही. मीटरच्या आधी, खांबाकडच्या बाजूला हात घालायची वेळ आली तर हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, माणूस बोलवावा. लोड वाढवायचा असेल तरी अर्ज तिथंच करायचा, आणि त्यावर परवाना असलेल्या कंत्राटदाराची सही लागते. घरमालकानं स्वतः वाटा शोधाव्यात, नकाशा काढावा, तुकडे कापून परत बसवावेत. मेन, डीबी (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात तो डबा) आणि अर्थिंग मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावं.

घराचा नकाशा

एका शंभर पानी वहीत प्रत्येक खोलीला एक पान द्या. सगळे दिवे-पंखे चालू करा आणि एकेक फ्यूज काढत जा. काय काय बंद होतं ते त्या-त्या पानावर लिहा. खुणा भिंतीवर करू नका, खडूनं फरशीवर करा, नाहीतर रंगाचं काम वाढतं. मग वाटा शोधा. कौलाखालची आढ्याजवळची जागा, माळा, भिंतीतून आरपार गेलेली जुनी भोकं, टेलिफोनची आणि केबल टीव्हीची आता रिकामी पडलेली नळी, दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट.

आजींच्या घरी माळा सापडला आणि निम्मं काम तिथंच सुटलं. खालच्या चारी खोल्यांच्या डोक्यावर तुळया, त्यांवर फळ्या. माळ्यावरून सगळ्या मेन लाइन फिरवल्या आणि प्रत्येक खोलीत फक्त वरून खाली एकेक उतार काढला. माळ्यावर उंदीर असतातच, म्हणून तिथं उघडी वायर कधी टाकायची नाही. २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप, जाड प्रतीचा. पाइपात वायर कोंबूही नका. आतली जागा निम्म्याहून बरीच रिकामी राहिली पाहिजे, नाहीतर पुढं एखादी वायर बदलायची तर ओढता येत नाही आणि वायरी तापतातही.

जुनी लाइन लगेच तोडू नका. आधी नवीन डीबी बसवा, त्यातून एका खोलीचं नवीन वायरिंग पूर्ण करा, ती खोली नव्यावर घ्या, मग त्या खोलीचं जुनं काढा. घरात म्हातारी माणसं असतात, फ्रिजमध्ये औषधं असतात. नऊ दिवसांत आजींचं घर एकही रात्र अंधारात राहिलं नाही.

मातीची भिंत

लाकडी पट्टी काढली की मागं रंगाची जुनी रेघ दिसते. इतकी वर्षं रंग पट्टीच्या कडेपर्यंतच लागलेला असतो. नवीन पीव्हीसीची केसिंग पट्टी त्याच रेघेवर, जुन्या पट्टीएवढी किंवा थोडी रुंद घ्या. व्रण झाकला जातो, भिंत रंगवायची गरज पडत नाही. लोक उघड्या पट्टीला नाकं मुरडतात. मला ती आवडते. सरळ मारलेली, कोपऱ्यात पंचेचाळीस अंशात नीट कापून जुळवलेली पट्टी जुन्या भिंतीवर शोभते, आणि पुढच्या वायरमनला झाकण काढून सगळं बघता येतं.

स्क्रू धरत नाही ही मातीच्या भिंतीची खरी अडचण. आधी स्क्रू धरायला भिंतीत ठोकलेल्या जुन्या लाकडी गिट्ट्या तपासा. जुने लोक सागवानी गिट्ट्या ठोकायचे, त्यांतल्या कित्येक अजून घट्ट असतात. हलणारी गिट्टी काढा, भोक छिन्नीनं आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद करा, पाण्याचा हबका मारा, मसाला भरून त्यात नवीन गिट्टी बसवा आणि एक दिवस हात लावू नका. ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवा. हॅमरनं मातीच्या भिंतीतून भाकरीएवढा तुकडा निघून येतो.

झिरी मारल्याशिवाय जमतच नसेल तर स्विचच्या वर सरळ उभी मारा. आडवी किंवा तिरकी कधीच नाही. आडव्या झिरीनं भिंत कमजोर होते. शिवाय उद्या कुणी खिळा ठोकणारा स्विच बघून वायर वर गेली असणार असाच अंदाज करतो. खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. चुन्याचा गिलावा पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून दोन्ही बाजूंनी कागदी टेप चिकटवायची, दोन रेघा कटरनं मारायच्या आणि मधला भाग हातछिन्नीनं हळू काढायचा.

बुजवताना मी सिमेंट कालवायला घेतलं होतं. बरोबरचा गौंडी बैलहोंगलकडचा, तो लगेच म्हणाला, "अण्णा, सिमेंट ब्याडरी, सुण्णा हाकरी." सिमेंट नको, चुना घाला. त्याचं खरं होतं. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटचा ठिगळ ती ओल अडवतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडेनं सुटून येतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच मसाला लावायचा.

देवघराचा दिवा? त्याची वायर चौकटीमागच्या फटीतून वर नेली आणि माळ्यावरून पुढं. स्विच चौकटीलाच बसवला. भिंत जशी होती तशी राहिली.

पोकळ भिंत

आता जिप्समचं पार्टिशन. इथं लोक घाबरतात आणि घाबरून जास्त फोडतात. खरं म्हणजे यात वायर घालणं सगळ्यात सोपं, कारण आत पोकळीच असते. दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड, मधे पत्र्याचे उभे चॅनल साधारण दोन-दोन फुटांवर, आणि वर-खाली आडवा चॅनल. उभा चॅनल कुठं आहे ते शोधायला एक छोटा लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून फिरवा. बोर्ड ज्या स्क्रूंनी मारलाय, त्यांच्यावर तो चिकटतो. स्क्रूंची उभी रांग सापडली की तिथं चॅनल. त्या रांगेपासून चार बोटं लांब काम करा.

जुना स्विचबॉक्स काढा आणि त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत घालून वर, खाली, दोन्ही बाजूंना फोटो काढा. वायर नळीतून गेलीय की तशीच सोडलीय, मधे आडवा चॅनल आहे का, काचलोकर भरलीय का, हे दोन मिनिटांत कळतं.

नळी असेल तर जुनी वायर हीच तुमची दोरी. तिन्ही नवीन वायरींची टोकं तीन-तीन इंच सोला, पण एकाच ठिकाणी बांधू नका. एक वायर पुढं, दुसरी तिच्या दोन इंच मागं, तिसरी आणखी दोन इंच मागं, म्हणजे गाठ बोजड होत नाही. जुन्या वायरीच्या टोकाचा आकडा करून त्यात नव्या तारा ओवा, पिळा आणि वरून टेप अशी गुंडाळा की पुढं निमुळती, मागं जाड होत जाईल. उंदराच्या शेपटीसारखी. टेपवर टाल्कम पावडर चोळा. तेल, ग्रीस लावू नका, वायरीचं आवरण त्यानं खराब होतं. एकानं एका टोकाकडून ढकलायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाकडून ओढायचं, आणि दोघांनी तोंडानं "हां… हां…" म्हणत एकाच तालात. अडकली तर जोर लावायचा नाही. वीतभर मागं घ्यायची, थोडी फिरवायची, पुन्हा ओढायची. जोरानं ओढून जुनी वायर नळीत तुटली, तर दोरी गेली आणि मग भिंत फोडण्यावाचून इलाज उरत नाही. नवीन वायरींबरोबर एक नायलॉनची सुतळी ओढून आतच ठेवून द्या. पुढच्या माणसाला ती लागते.

आजींच्या वरच्या खोलीत नळी नव्हती. वायर चॅनलच्या पत्र्याच्या भोकांतून तशीच ओढलेली, पत्र्याच्या कडेनं आवरण दोन ठिकाणी कापलं गेलं होतं. ती ओढून उपयोग नव्हता. मग साखळीचा उपाय. फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याच्या भोकातून हात घालून पार्टिशनच्या वरच्या चॅनलला २० मिलिमीटरचं भोक पाडलं. त्यातून लोखंडी बारीक साखळी खाली सोडली. पितळेची चालत नाही, चुंबकाला चिकटत नाही. साखळी उतरताना बोर्डावर किणकिण वाजते. माझा जोडीदार पोरगा खाली कान लावून बसला होता. "आली, आली… थांबा, डावीकडं गेली." बॉक्सच्या भोकातून काडीच्या टोकाला बांधलेला चुंबक आत घातला, टक् असा आवाज आला आणि साखळी बाहेर. तिच्या टोकाला सुतळी, सुतळीला लवचिक नळी, नळीतून वायर. भिंतीला ओरखडाही नाही.

मधे आडवा चॅनल आला की साखळी तिथंच थांबते. किती खाली थांबली ते साखळी मोजून कळतं. तेवढीच जागा उघडा. गुण्यानं चार इंच बाय सहा इंचाची चौकट आखा. आत जुनी वायर असू शकते, म्हणून करवत आधी बोर्डाच्या जाडीपुरतीच चालवा. टोकदार छोटी करवत तिरकी धरा, म्हणजे तुकड्याची पुढची बाजू मोठी आणि मागची लहान होते. असा तुकडा परत बसवताना आत पडत नाही, बुचासारखा बसतो. तुकडा फेकू नका. मागं पेन्सिलीनं नंबर टाका आणि वर-खालीची खूण करा. आमचे तीन तुकडे आजींच्या पाटावर ओळीनं ठेवले होते.

त्याहून चांगली जागा म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, स्कर्टिंग. लाकडी स्कर्टिंग पातळ पट्टीनं हळू उचकटून काढा आणि तिच्यामागचा बोर्ड तळाशी तीन इंच कापा. सगळ्या खोलीभर आडवी वायर तिथून नेता येते, आणि स्कर्टिंग परत बसलं की कुणाला काही दिसत नाही. चॅनलमधून वायर जाते तिथं भोकाला रबरी रिंग घातल्याशिवाय पुढं जाऊ नका, आणि स्कर्टिंगचा स्क्रू जिथं येणार तिथं वायरीपुढं पत्र्याचा तुकडा लावा. नवीन बॉक्स कान असलेला घ्या, स्क्रू पिळला की त्याचे कान आतून बोर्डाला धरतात. बॉक्स पत्र्याचा असेल तर त्याला अर्थ जोडायलाच हवा.

तुकडा परत बसवताना मागं दोन लाकडी पट्ट्या आडव्या घाला, जुन्या बोर्डातून स्क्रू मारून धरा, मग तुकडा त्या पट्ट्यांवर स्क्रू करा. सांध्यावर जॉइंटची कागदी टेप आणि सांधे बुजवायच्या कंपाउंडचे तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर वाळताना चीर जाते. शेवटी १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर मारा आणि रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळ्या भिंतीला द्या, नुसत्या ठिगळाला देऊ नका. ठिगळापुरता रंग उन्हात उठून दिसतो. पावसाळ्यात हे काम धरूच नका. आषाढात बेळगावातही कंपाउंड लवकर वाळत नाही, मग खानापूर-जांबोटीकडं तर विचारायलाच नको. दिवाळीनंतर ते मे, हा आपला हंगाम. गणपतीच्या तोंडावर वायरिंग काढणाऱ्यांना मी हात जोडतो.

वायर, डीबी आणि उसना न्यूट्रल

दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. प्लगला अडीच आणि १६ अँपिअर. गीझरला स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर एमएम आणि २० अँपिअर. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, यापेक्षा जास्त नको. वायर आयएसआय मार्कची, आग न पसरवणारी घ्या. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, हे घरभर एकच ठेवा. एखादा रंग संपला म्हणून अर्थला काळी वायर वापरणाऱ्याला कामावर ठेवू नका.

सोप्यात मागांचा वेगळा मीटर होता, त्याला हात लावला नाही. पण तिथल्या दिव्याच्या बोर्डात कापसाच्या धुळीचा बोटभर थर साचला होता. ठिणगीला तेवढं पुरतं. तिथं बंद झाकणाचे बॉक्स बसवले आणि महिन्यातून एकदा मेन पाडून ब्रशनं झाडायला सांगितलं.

डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो तीनशे मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडतो. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

आरसीसीबी बसवला आणि संध्याकाळी जिन्याचा दिवा लावला की सगळं घर जायचं. दोन तास शोधलं. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्यावरून आली होती आणि न्यूट्रल वरच्या खोलीतून घेतला होता. जुन्या घरांत हे हमखास सापडतं, जवळ दिसला तो न्यूट्रल उचललेला. फ्यूजच्या काळात ते खपून गेलं. आमच्या डीबीत दोन मजल्यांना दोन आरसीसीबी होते. खालच्यातून गेलेला करंट वरच्यातून परतत होता, म्हणून दोन्ही समजत होते की गळती आहे. न्यूट्रल खालून स्वतंत्र ओढला आणि घर शांत झालं. तुमच्याकडेही एखादा ठराविक दिवा लावल्यावरच आरसीसीबी पडत असेल, तर तो बिघडलाय म्हणून बदलू नका, आधी उसना न्यूट्रल शोधा. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रलही असाच वेगळा ठेवावा लागतो.

अर्थिंग आणि तपासणी

परसात अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. आपल्याकडे शहराच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती, ती मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. पूर्वेकडच्या काळ्या मातीत हा त्रास कमी. उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी त्या नरसाळ्यात घाला. मोजणी पाच ओहमच्या आत आली की मी समाधान मानतो.

सगळं जोडून झाल्यावर, चालू करायच्या आधी, ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) प्रत्येक सर्किट तपासा. दिवे आणि यंत्रं काढून ठेवलेली हवीत, नाहीतर एलईडी जळतील. एक मेगाओहमच्या खाली काही आलं तर कुठंतरी वायर सोललीय किंवा ओल लागलीय. आमच्या वरच्या खोलीत एक लाइन कमी दाखवत होती. स्कर्टिंग पुन्हा काढलं, तर एका स्क्रूचं टोक वायरीला टेकलेलं निघालं. त्याच जागी पत्र्याचा तुकडा लावायला आम्ही विसरलो होतो.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीसमोर काय आहे ते लिहा. मी मराठीत लिहितो आणि खाली कन्नडमध्ये, कारण उद्या रात्री येणाऱ्या माणसाला कुठली लिपी येते कुणास ठाऊक. उघड्या भिंतींचे टेप धरून काढलेले फोटो छापून त्याच वहीत चिकटवा. ती वही आजींच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर आहे.

शेवटच्या दिवशी आजींना डीबीजवळ नेलं आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका खाली पडला की यंत्र शाबूत, मग खटका वर करायचा. दाबूनही पडला नाही तर त्याच दिवशी मला बोलवायचं. महिना लक्षात कसा ठेवायचा, असं त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "संकष्टीला दाबते की. चंद्र बघायच्या आधी." गेल्या संकष्टीला त्यांचा फोन आला होता. खटका पडला होता, वर केला, दिवे आले.